उलटं कारण

१९ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळ्या बऱ्या आहोत, आईचा गुडघा सोडून. तो तिच्यासारखाच, कुणाचं ऐकत नाही. वहिनी रोज कामावर जाते. तुझी भिंगरी यंदा माझ्याच वर्गात आली. घरी आत्या आणि शाळेत बाई, पोरीची सुटका नाही.

शाळेत मी विचारांचा तास घेते. मुलं गोल करून बसतात. एकजण काहीतरी ठाम म्हणतो, मी ते फळ्यावर लिहिते, बाकीचे उलटं कारण शोधतात. सापडलं नाही तर वाक्य फळ्यावर राहतं. बाईंनीसुद्धा नुसतं बरोबर किंवा चूक म्हणायचं नाही, कारणच द्यायचं. नियम माझाच. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, पोरं घरी प्रश्न विचारून भंडावतात. मी हसण्यावारी नेलं.

काल भिंगरीचा नंबर होता. ती उभी राहून म्हणाली, "माझे बाबा परत येणार नाहीत."

तू कामासाठी लांब गेलायस, असं आम्ही तिला सांगितलंय. तुझ्या नव्या संसाराबद्दल घरात चकार शब्द निघत नाही. तिनेही तो काढला नाही. ती किल्लीबद्दल बोलली. जाताना तू घराची किल्ली वहिनीच्या हातात दिलीस, ते तिने पाहिलं होतं. विसरले असतील, एक मुलगी म्हणाली. विसरणारा हातात देत नाही, भिंगरीने सांगितलं. हरवेल म्हणून ठेवली असेल, दुसरीने सुचवलं. मग फोन का नाही करत, भिंगरीने विचारलं. यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दादा, मला थापा शंभर सुचल्या. कारण एकही सुचलं नाही. वाक्य फळ्यावर राहिलं आणि ती जागेवर जाऊन बसली. रडली असती तर जवळ तरी घेतलं असतं.

घरी येताना मी म्हटलं, बाबांना पत्र लिहून बोलावते. तिने माझा हात सोडला.

"नको, आत्या. तू बोलावल्यावर आले, तर ते उलटं कारण धरता येणार नाही."

मला तुझा राग येतो आणि माझाही. तू आपणहून येशील, एवढीच वाट तिला उरली होती. ती मी या पत्राने बंद करते आहे, कारण आपणहून तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी ये. आत्याने बोलावलं का, असं ती विचारेल. मी नाही म्हणेन. तिला ते पटणार नाही.

तुला अजून दादाच म्हणणारी,
तुझी बहीण