कारकून लख्ख, नवरी पुसट

प्रिय आत्या,

पाय मोडून आलेत, नाक उन्हाने लाल झालंय, तरी आनंद पोटात मावत नाहीये! मैत्रिणी ओरडतायत, भिंगरी, जरा टेक. पण तुला सांगितल्याशिवाय मला कुठली चैन पडायला?

सहलीला निघताना तू बजावलंस, की पुढच्या महिन्यात तू आणि घड्याळवाले काका लग्नाच्या सह्या करायला जाल, तेव्हा मी जरूर यावं, पण कॅमेरा घरी ठेवून. त्रेपन्नाव्या वर्षी लग्न म्हणजे आधीच लोकांच्या हाती आयतं कोलीत, वर फोटो कशाला? मी मनातून जाम चिडले होते.

आमच्या फोटोग्राफीच्या सरांची तऱ्हाच न्यारी. शहरात उतरताच त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. जी जागा निघेल तिथेच दिवसभर राहायचं, लेन्स एकच, आणि जवळून हवं असेल तर आपले पाय हलवायचे. कुणाला बंदर निघालं, कुणाला पुलाखालचा बाजार, आणि मला विवाह नोंदणी कार्यालय! नशीबच फुटकं म्हणत गेले. पिवळट भिंती, लाकडी बाकं, आणि शिक्का मारताना दर वेळी डोळे मिटणारा कारकून. पण तासाभरात मी त्या शिक्क्याच्याच प्रेमात पडले. धप्प, की झालं लग्न! आवाज रेकॉर्ड केलाय, आल्यावर ऐकवते.

दुपारी साठीच्या घरातलं एक जोडपं आलं. सोबत कुणीच नव्हतं, म्हणून नवरदेवांनी मलाच फोटो काढायला सांगितलं. नवरीबाई अगदी तुझी बहीण शोभावी अशी. माझा नको, यांचाच काढ, म्हणत पर्स तोंडापुढे धरून उभी. नवरदेव म्हणाले, मग मी काय एकट्यानेच लग्न केलं? ती फिसकन हसली, पर्स खाली आली, मी बटण दाबलं. आणि काय फजिती! घाईत फोकस चुकला. दोघं पुसट, आणि मागे जांभई देणारा कारकून लख्ख, दाढांसकट! मला रडूच यायला लागलं. फोटो बघून बाई मात्र पोट धरून हसल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, आता नीट काढ, मला सगळ्यांना दाखवायचाय. तो दुसरा फोटो सरांनी पडद्यावर लावला तेव्हा वर्गाने शिट्ट्या मारल्या. आत्या, मी हेच करणार, आयुष्यभर!

आता खरं कारण सांगते. काल काकांचा फोन आला होता. आधी बराच वेळ लेन्सची चौकशी केली, मग हळूच म्हणाले, तुझ्या आत्याचा एकही फोटो माझ्यापाशी नाही. मागायचा धीर होत नाही, म्हणेल म्हातारचळ लागलाय. पण दिवसभर घड्याळांत डोकं खुपसून बसतो, मान वर केली की ती दिसावी असं वाटतं. तुला सांगणार नाही असं वचन घेतलंय त्यांनी, आणि मी ते लगोलग मोडतेय. लोक हसले तर हसू देत. मी कॅमेरा घेऊन येतेय, तू फक्त त्यांच्या शेजारी उभी राहा.

तुझीच, आणि आता थोडी त्यांचीही,
भिंगरी