हळद पिवळी पडली त्याची गोष्ट

तीर्थरूप वन्संना धाकट्या वहिनीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत, फक्त पिवळे आहोत. कारण सविस्तर लिहिते.

तुमच्या बंधूंनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसले ते बसलेच. दोन वर्षं घरात 'हो', 'नाही' आणि 'चहा' एवढेच शब्द ऐकू येत. (त्यात 'चहा' सर्वांत लांबलचक भाषण.) मग एक दिवस उठून जाहीर केलं, मागच्या अर्ध्या एकरात हळद लावणार. मोजपट्टी आणि पाणसळ घेऊन ओळी अशा सरळ आखल्या, की त्यातून लिफ्ट गेली असती. बेण्याचा गड्डा कोणत्या बाजूने वर ठेवायचा, हे विचारायला बेणंवाल्याकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, तुम्ही नुसती पुरा. वर कुठे यायचं ते तिला कळतं."

तिला कळलंही. कमरेएवढी पानं झाली. पण आठवा महिना सरला आणि पानं पिवळी पडायला लागली. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं; ते सगळं ह्यांनी हळदीला घातलं. दिवसातून दोनदा पाणी! तरी पानं वाळतच चालली. जेवण सुटलं. शेवटी शेतीखात्यातल्या बाईंना फोन केला. बिचाऱ्या दोन गाड्या बदलून आल्या, घोट्यापर्यंत चिखलात रुतल्या, एक पान चुरगाळलं आणि म्हणाल्या, "आजोबा, रोग कसला? पीक तयार झालंय. पाणी कधीच तोडायला हवं होतं." (ह्यांना पाण्यापेक्षा 'आजोबा' जास्त लागलं.)

मग त्या चिखलातून काढणी. पुढे शिजवणं. मोठ्या कढईसमोर हे घड्याळ आणि स्वतः आखलेला तक्ता घेऊन उभे. शेजारच्या आजींनी मला सांगितलं होतं, काडी आरपार गेली की हळद शिजली. मी काडी टोचली आणि म्हटलं, "झाली."

"अजून अकरा मिनिटं," हे म्हणाले.

"लगदा होईल."

"तक्ता चुकत नाही."

वन्सं, आम्ही दुपारभर भांडलो! दोन वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. मी रागाने अर्धी हळद बाहेर काढली आणि पाठ फिरवून हसले. वाळवण पंधरा दिवस चाललं. ह्यांची हळकुंडं मऊ आणि मळकट निघाली, माझी खणखणीत. काल हे स्वयंपाकघरात आले, माझ्या ढिगातलं एक हळकुंड माझ्या कानाशी धरून मोडलं. कट्! म्हणाले, "ऐकलंस? तुझं बरोबर होतं." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा.

तुमची,
वहिनी

ता. क. : पुढच्या लागवडीला दोन महिने आहेत, आणि आज सकाळपासून हे पुन्हा खुर्चीत आहेत. गेल्या वर्षी तुम्ही त्यांना 'हे तुला जमायचं नाही' असं खरमरीत पत्र लिहिलंत, ते मिळालं त्याच दुपारी ह्यांनी कुदळ आणली होती. तरी कृपा करून तसंच एक पत्र ताबडतोब पाठवावं.

ता. ता. क. : 'जमायचं नाही' खाली दोन रेघा माराव्यात. एकीने भागेलसं वाटत नाही.