पाठवणाऱ्याचा पत्ता

दोंडाईचा, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय सुगंधा,

तुझं शेवटचं पत्र येऊन दोन वर्षं झाली. मी लिहीत राहिलो, तू थांबलीस. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: ‘आबा, टपालाचा शिक्का दोंडाईच्याचा आणि पत्ता जळगावच्या ऑफिसचा. मी ऑफिसची मुलगी नाही.’

ऑफिसातले दोन संगणक आता धुळ्याच्या शाखेशी तारेने जोडलेत. ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. शिकलो गावच्या शाळेत, पण यात रमलो. मजकुराचे लहान पुडके करून तारेत सोडतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर कुठे जायचं आणि कुठून निघालं, दोन्ही लिहिलेलं. आमच्या यंत्रांना दोन-दोन दारं, एक आतलं, ऑफिसापुरतं, एक बाहेरचं, धुळ्याच्या तारेचं; म्हणून पत्तेही दोन. युनिक्सच्या यंत्राला सांगता येतं, निघताना अमुक पत्ता लाव. विंडोजवालं आपल्या मनाने लावतं. गेल्या महिन्यात त्याला धुळ्याहून उत्तरच येईना. तीन दिवस पडद्यासमोर बसलो. खोलीत गारवा, पंख्यांची एकसुरी घरघर. डोळे मिटले की ते पॅकेट एरंडोल, पारोळा ओलांडत हरभऱ्याच्या शेतांवरून तरंगत जाताना दिसे, आणि पुढे तुझं धुळ्याचं घर, जे मी अजून पाहिलेलं नाही.

शेवटी धुळ्याच्या शाखेतल्या लोटनने फोनवर सांगितलं की पॅकेटं सगळी पोहोचतात, उत्तरंही रोज निघतात. घोळ एवढाच होता की आमच्या यंत्राने आतल्या दाराचा पत्ता लावला होता, आणि धुळ्याला तिथली वाट ठाऊक नव्हती. उत्तरं मधेच विरून जात होती. मी दारांचा क्रम बदलून बाहेरचा पत्ता पुढे आणला. क्षणात उत्तर आलं. देवाला हात जोडले, पण डोळ्यांपुढे तूच होतीस.

तू आपल्या मनाने लग्न केलंस तेव्हा नाना म्हणाले होते, ‘तिना कागद या घरमा येवाले नको.’ थोरल्या भावापुढे मी तोंड उघडलं नाही. रविवारी सुट्टीला घरी आलो की इथे ओट्यावर बसून तुला लिहायचो आणि आंतरदेशीयच्या मागे ऑफिसचा पत्ता घालायचो. यंत्राने नकळत केलं, मी जाणूनबुजून.

आज मागे घरचा पत्ता लिहिला आणि नानांना वाचून दाखवला. त्यांनी हातातला तांब्या तुळशीत ओतला. मग म्हणाले, ‘पिनकोडबी लिख. नहीते पोरनं उत्तर चुकी जाई.’

तुझाच,
आबा