करपलेल्या गुलाबांबद्दल आत्यास

ती. आत्या,

तुझ्या आगाऊ भाचीचा (शब्द तुझाच) वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणताहेत? जावईबापूंचा खोकला थांबला का, की अजून फोन उचलला की आधी खोकला ऐकू येतो आणि मग ते? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हे वाक्य लोक पत्रात सवयीने लिहितात, पण मी आज ते पुन्हा पुन्हा वाचून बघते आहे, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायचे म्हणून हा पसारा मांडला आहे.

तुझं पार्सल आम्ही लाँड्रीच्या दुकानातच उघडलं, आणि नेमकी तेव्हा गर्दी. आतून ते ढेरपोटं तांब्याचं भांडं निघालं, मग घुमटासारखं झाकण, मग वाकडी नळी. आमचे हे म्हणाले, "आत्याने बंब पाठवलाय." मी सगळ्यांदेखत समजावून सांगितलं, की हे फुलांचा अर्क काढायचं भांडं आहे. पाण्यात पाकळ्या उकळायच्या, वाफ नळीतून गार पाण्याच्या बादलीत फिरवायची आणि खाली थेंब थेंब फुलांचं पाणी बाटलीत धरायचं. (आजवर आमच्या घरात अर्क एकच होता, आणि तो गल्ल्यावर बसून भांड्याला बंब म्हणत होता.) शेजारच्या चष्मेवाल्यांनी मात्र त्यातलं "अर्क" आणि "थेंब थेंब" एवढंच ऐकलं, आणि माझ्याकडे बघून फार समजूतदारपणे मान हलवली. पहिला अर्क निघाला त्या संध्याकाळी ते आपलं शटर लावून, शर्टाच्या आत पेला लपवून हजर. मी त्यांना पुदिन्याचं पाणी दिलं. एका दमात प्यायले, डोळे मिटून बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, चढत नाही हो. उलट भूक लागली." आता जेवणाआधी रोज पेला घेऊन येतात, पण उघडपणे.

तर मामंजी. तू त्यांना आमच्या लग्नात पाहिलंस ते शेवटचं, त्यामुळे नीट सांगते. आमची लाँड्री त्यांनी उभी केली, आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभा जन्म काढला. कापड करपायच्या आधी म्हणे एक कोरडा, उबदार वास सुटतो. तुमच्याआमच्या नाकाला तो कळत नाही. मामंजी मात्र पलीकडे पेपर वाचत बसलेले असायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "उचल." की हे इस्त्री उचलायचे. आणि मग तो साथीचा ताप आला. ताप गेला, पण मामंजींना वास येईनासा झाला. (हे गिऱ्हाइकांना सांगायचीही पंचाईत. "मामंजींना आता वास येत नाही" म्हटलं, तर चष्मेवाले म्हणाले, "पूर्वी तरी कुठे येत होता? मोठे स्वच्छ गृहस्थ!") मामंजी तरीही टेबलाशी उभे राहिले, आणि बँडमास्तरांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा आख्खा तपकिरी ठसा उमटला. बँडमास्तर भला माणूस, कोट घेऊन गेले. मामंजींनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मग दुकानात आलेच नाहीत. पानात काहीही वाढा, "चिंधी चावल्यासारखं लागतं" म्हणायचे आणि उठायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. ह्यांनी विनोद करणं बंद केलं. लग्न झाल्यापासून मी त्याच दिवसाची वाट पाहत होते, पण आला तेव्हा मला रडू फुटलं.

तू भांड्यासोबत चिठ्ठी लिहिलीस, की नाकालाही शिकवावं लागतं. रोज एकेक बाटली त्यांच्या नाकाशी धर आणि तो वास आठवायला सांग. मी कामाला लागले. पहिल्या खेपेला झाकणाच्या फटीतून सगळी वाफ निसटली आणि स्वयंपाकघराचा गुलाबी हमामखाना झाला. दुसऱ्या खेपेला तुझ्या सूचनेप्रमाणे फट कणकेने लिंपली. अर्क छान निघाला, पण लिंपलेली कणीक भाजून खुसखुशीत झाली आणि ह्यांनी ती भांड्यावरून सोलून चहाबरोबर खाल्ली. (पितळेची चव येते म्हणाले. भांडं तांब्याचं आहे. नाक बिघडलं होतं एकाचं, जीभ दुसऱ्याची.) मग मात्र हात बसला. गुलाब, पुदिना, गवती चहा, संत्र्याची फुलं, अशा बाटल्या रांगेत उभ्या राहिल्या. मामंजी सकाळी शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसायचे.

"हे?"

"पाणी."

"आणि हे?"

"सूनबाई, तेही पाणीच. कशाला नळाचं पाणी वाया घालवतेस?"

आणि मी बाटली खाली ठेवून म्हणायची, उद्या बघू.

एवढं पाणी निघालं की ते घरभर झालं. कापूस गुलाबपाण्यात भिजवून डोळ्यांवर ठेवला की दिवसभराच्या वाफेने लाल झालेले डोळे निवतात, हे तुझं खरं निघालं. घामोळ्यांवरही लावलं, उशीवरही शिंपडलं, आणि उरलेलं इस्त्रीच्या फवाऱ्यात भरलं. इथेच घोळ झाला. दातांच्या डॉक्टरांच्या कोटाला पुदिना लागला, ते ठीकच झालं. पण बँडमास्तरांना आम्ही नवा कोट शिवून दिला होता, त्यावर ह्यांनी सढळ हाताने गुलाब मारला. भर कार्यक्रमात मधमाशी त्या कोटाच्या मागे लागली. मास्तर हात झाडायला लागले, वाजवणाऱ्यांना वाटलं वेग वाढवायचा, आणि संथ धून अशी काही पळाली की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मास्तर सांगायला आले तेव्हा मला वाटलं आता दुसरा कोट गेला. ते म्हणाले, पुढच्या वेळी कॉलरलाही मारा.

हे सगळं मामंजींना हसून हसून सांगावं, तर ते भिंतीकडे बघत "असं?" म्हणायचे. आत्या, एकदा मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतायला निघाले होते.

नाही ओतल्या. त्याऐवजी पुन्हा पाकळ्या आणल्या, भांडं चढवलं, आणि दुकानात एक बाई साडीवरचा डाग घेऊन आल्या. डागाची गोष्ट लांबली (डाग त्यांच्या जावेने पाडला होता, त्यामुळे लांबणारच). तिकडे भांड्यातलं पाणी आटलं, हे मला कळलं नाही. हे शर्टावर इस्त्री फिरवत होते. आणि आतून आवाज आला, पूर्वीचा आवाज:

"उचल!"

ह्यांनी इस्त्री झटकन उचलली. शर्ट पांढराशुभ्र. आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. मामंजी अनवाणी दारात येऊन उभे राहिले, नाक वर, आणि म्हणाले, "कापड नाही. कापड नाही हे. काहीतरी गोड करपतंय." मग मी किंचाळून आत धावले. गुलाबांचा कोळसा झाला होता, धूर नुसता! मी खोकत गॅस बंद केला, तर मामंजी मागून येऊन त्या काळ्या भांड्यात तोंड घालून श्वास घेताहेत आणि डोळ्यांतून धारा. धुराने हो, धुराने, म्हणत होते. हेही धुरानेच रडत होते, दुकानात उभे राहून. डागवाल्या बाईही जावेला विसरून रडल्या.

एकदम सगळं परत आलं असं नाही. आधी फक्त करपलेलं कळायचं. मग पुदिना. मग एका सकाळी संत्र्याच्या फुलांची बाटली धरली तर म्हणाले, "हे तुझ्या सासूबाईंचं तेल," आणि बाटली परत देईनात. गुलाब सगळ्यात शेवटी आला. आता ते टेबलाशी असतात, दोनदा भाजी मागून घेतात, आणि ह्यांच्या मोज्यांवरून घरात रोज वादावादी होते. ती मी दाराआड उभी राहून मन लावून ऐकते. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

सर्वांना आठवण सांग, आणि तुझ्या पाया पडून थांबते.

तुझी,
भाची

ता. क. काल तुझ्या लेकीचा, ताईचा, फोन आला होता. तिला वाटलं आम्हाला ठाऊकच असेल. आत्या, त्याच तापात तुझंही नाक गेलं, म्हणून "मला आता कशाला हवं" म्हणत तू भांडं इकडे धाडलंस? मला शिकवणी सांगितलीस आणि स्वतः घेतली नाहीस? फोन ठेवला आणि तशीच टेबलाशी गेले. मामंजींना सांगितलं, तर त्यांनी आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली. हे गाडी घेऊन रविवारी येताहेत. तुला लागतील तेवढे गुलाब मी जाळायला तयार आहे.

ता. क. २. मामंजी शेजारी उभे आहेत. म्हणताहेत, नुसतं "ये" लिहिलंस तर ती बाई येणार नाही, दुकानात मदतीला माणूस हवंय असं लिही. म्हणून लिहिते: दुकानात मदतीला माणूस हवंय. काम नाकाचं आहे. सध्या येत नसलं तरी चालेल.