नदीकाठचे घर डॉर्कस पेलला

मी, असाहेल थॉर्नबरी, वय एकाहत्तर, धंदा वकिली, राहणार वॉरनर्स लँडिंग, ओहायो, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीने व आपल्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल तसे शपथेवर सांगता येणार नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, सफरचंदाची बाग व बँकेतील शिल्लक माझी कन्या लव्हिनिया हिला. झाडे तिच्या आईने, टेम्परन्सने, आमच्या लग्नाच्या वर्षी लावली. बहर आला की ती मला कचेरीतून बोलावून घेई. अशील बिचारे ताटकळत बसत.

२. कायद्याची पुस्तके व खोगिराच्या चामडी पिशव्या माझे जुने व्यवसायबंधू लेम्युएल स्ट्रोड यांना. न्यायाधीशांच्या मागोमाग आम्ही गावोगावच्या कोर्टांत घोड्यावरून फिरलो. दिवसा एकमेकांवर तुटून पडायचे आणि संध्याकाळी खाणावळीत एकाच ताटलीत जेवायचे. ते दिवस परत मिळत असतील तर बाकी इस्टेटीवर पाणी सोडतो. निवडणुकीत ते माझ्याविरुद्ध गेले, ते माफ. भर सभेत मला ‘बोलका पोपट’ म्हणाले, ते माफ नाही.

३. नदीकाठचे घर डॉर्कस पेल हिला. १८५० साली मी वॉशिंग्टनला, प्रतिनिधीगृहात होतो. पळून आलेल्या गुलामांना धरून मालकाकडे परत धाडण्याचा कायदा मतास आला, तेव्हा मी सभागृहातून उठलो आणि बाहेर खाणावळीत शिंपल्यांतले कालवे खात बसलो. घरी आल्यावर टेम्परन्सने विचारले, “मत कुणीकडे दिलंत?”

“दिलंच नाही.”

“म्हणजे दिलंत की,” ती म्हणाली.

पुढच्याच वसंतात डॉर्कसचा नवरा सायरस त्याच कायद्याने धरला गेला. तो आमच्या गावचा न्हावी. नऊ वर्षे माझी दाढी त्यानेच केली. त्याच्या बाजूने मी तीन तास बोललो आणि हरलो. बेड्या घालून गाडीत चढवताना तो म्हणाला, “वकीलसाहेब, भाषण झकास झालं. हेच तिकडं केलं असतंत तर?”

तो परत आला नाही. मीही पुन्हा निवडणुकीला उभा राहिलो नाही.

गेल्या वर्षी पानगळीत मी या घराची किल्ली घेऊन डॉर्कसकडे गेलो. ती इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही.

“ठेवा ती खिशात. मेल्यावर द्या. जिवंत माणसाकडून घेतलं की आभार मानावे लागतात.”

म्हणून हे कलम. घराचा ताबा देताना तिच्याकडून आभाराचा शब्द कोणी मागू नये, लव्हिनियाने तर नाहीच.

सही: असाहेल थॉर्नबरी
वॉरनर्स लँडिंग, ४ ऑक्टोबर १८८१

वरील सही आम्हा दोघांदेखत झाली.
साक्षीदार: एलिफलेट क्रॅब, पाववाला
सायलस न्यूहॉल, पोस्टमास्तर