शिक्का लागत नाही

इंझोरी, जि. वाशीम
२० जानेवारी २०२६

प्रिय नीलू,

जयभीम. तेजेंद्ररावांना, तुझ्या सासूबाईंना आमचा जयभीम सांग आणि उत्पलाच्या दोन्ही गालांचा पापा घे, माझ्या वाटणीचा. इकडे सगळं ठीक आहे. तूर सोंगून झाली, थंडी यंदा बऱ्यापैकी आहे, गोठ्यातली लाल गाय व्याली.

फोन असताना माय पत्र का लिहिते म्हणून हसशील. हसून घे. फोनवर माझं धड बोलणंच होत नाही. तुझा आवाज आला की विचारायचं सगळं विसरते, आणि समोर खाटेवर तुझे बाबा पेपर उघडून बसलेले असतात. पान काही उलटत नाही. म्हणून अंगणवाडीच्या उरलेल्या वहीतलं हे पान घेतलं. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन, तू मोठं करून वाच.

बातमी अशी, की मी येते आहे.

कामरगावचे जगदेवभाऊ दरवर्षी धम्मयात्रेची बस नेतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. यंदा मी नाव दिलं. नेपाळात शिरल्यावर लुंबिनीच्या वाटेवरच आमचं भैरहवा लागतं, असं तू एकदा म्हणाली होतीस, ते मी गाठीला बांधून ठेवलं होतं. तुझं घर पाहीन, तुझी चूल पाहीन. उत्पलाला नागपूरला दीक्षाभूमीवर पाहिलं तेव्हा ती रांगत होती आणि माझ्या चष्म्याची दांडी चावत होती. आता म्हणे शाळेत जाते आणि बाईंना उलट उत्तरं देते. कोणावर गेली ते सांगायला नको.

गावात सगळ्यांचा एकच प्रश्न. "व्हिसा निंगाला का वं बाई?" शेजारची लिलाबाई तर ओट्यावर येऊन बसली. "तुले थे इंग्रजीतून इच्यारतीन, काहून आली म्हनून. काय सांगशीन?"

मी म्हटलं, "सांगीन, पोरीच्या घरी चालली. हे कोन्याही भाषेत समजते."

व्हिसाचं विचारायचं तर तुझ्या बाबांना विचारा, असं मी सांगून टाकते. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. मी माहेरी जायला त्यांच्या गाडीत बसले तरी माझं तिकीट फाडायचे, आणि वर चारचौघांत म्हणायचे, "बाई, सुटे द्या." इतकी वर्षं मी तुझ्याकडं जायचं नाव काढलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "परदेस हाय थो. असं उठलं आन गेलं, जमत नाही." या वेळी मी त्यांना न विचारता नाव दिलं. रात्री दोनदा उठून गोठ्यात जाऊन आले. सकाळी म्हणाले, "पासपोट कुठी हाय तुया? सीमेवरून वापस धाडतीन तुले." आणि चहा न पिता वाशीमच्या गाडीत बसून गेले.

संध्याकाळी आले ते सगळे नियम पाठ करूनच. कोणाकोणाला विचारलं कोण जाणे, पण उभ्याउभ्याच मला सांगायला लागले. आपल्या देशाच्या माणसाला नेपाळात जायला व्हिसा नाही. पासपोर्ट नसला तर मतदानाचं कार्ड चालतं. आधार मात्र चालत नाही. बघ आता! ज्या आधारावर रेशन, बँक, गॅस, सगळा संसार चालतो, तेच तिथं धरत नाहीत. पंधराच्या आतली लेकरं आणि पासष्टच्या वरची माणसं यांना थोडी सवलत आहे, त्यांना वय दाखवणारा फोटोचा दुसरा सरकारी कागदही पुरतो.

"म्हंजे तुमाले सवलत हाय," मी म्हटलं. सहासष्ट पुरे झाले ना त्यांना.

"म्या कवा म्हनलं मी चाललो म्हनून?" केवढ्यानं ओरडले! गाय दचकून उभी राहिली. मग हळूच म्हणाले, "तुयासाठी इच्यारलं."

जाऊ दे. बाबांचं मी या पत्रात काही लिहिणार नाही. तब्येत ठीक आहे. परवा कारंज्याला जाऊन नवे बूट घेऊन आले. कशाला म्हटलं तर म्हणे जुने फाटले. जुने मागच्या उन्हाळ्यातले आहेत आणि अजून चांगले करकरतात.

तुझ्यासाठी मुंगवड्या वाळत घातल्या आहेत. घरच्या तुरीची डाळ, थोडी वाळवलेली अंबाडी. तिकडच्या कस्टमला भन्सार म्हणतात, ते डाळ धरतील का, अशी मला धास्ती होती. घरच्यापुरती असली तर कोणी काही म्हणत नाही, हेही बाबांनीच विचारून ठेवलंय. त्यांचा काही संबंध नसताना.

दोन फेब्रुवारीला दुपारी पोचू. पत्ता जगदेवभाऊंना दिला आहे, बस तुझ्या दारापर्यंत आणतील. तू मुद्दाम काही करत बसू नकोस. पिठलं टाक, पुरे.

तुझी माय


सोनौली
२ फेब्रुवारी २०२६

नीलू बाळा,

हे पत्र जगदेवभाऊ तुझ्या हातात देतील. बस तुझ्या दाराशी थांबेल, पण तिच्यातून मी उतरणार नाही. आधी घाबरू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत.

हो, दोघं. मागच्या पत्रात हे नव्हतं, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. त्यांनी कामरगावला बसजवळ येऊन "तुले बसवून द्याले आलो" म्हणत पिशवी वर ठेवली आणि स्वतःही बसून राहिले. जगदेवभाऊंकडं त्यांचं नाव पंधरा दिवसांपासून होतं, ते मला तेव्हाच कळलं. तरीही मी तुला कळवलं नाही. म्हटलं, हा माणूस अकोल्याला उतरेल, नाहीतर गयेला उतरेल. तू दारात उभी राहून वाट पाहशील आणि येईन मी एकटीच. तुझी तशी वाट पाहणं मी एकदा दीक्षाभूमीवर पाहिलंय. पुन्हा नको होतं.

वाटेत मात्र मजा झाली. गाडी सुटायच्या आधीच सीटासीटांमधून फिरायला लागले, "कार्ड दाखवा, कार्ड." शेवटी लिलाबाईनंही नाव दिलं होतं, तिनं मोठ्या ऐटीत प्लास्टिक चढवलेलं आधार काढलं. झालं! अख्खी बस थांबवून तिला मोटरसायकलवर गावाला धाडलं, मतदानाचं कार्ड आणायला. ती परत येईपर्यंत तिनं आणि बसमधल्या लोकांनी बाबांना काय काय म्हटलं ते लिहीत नाही. सारनाथला कार्ड पाहिली, कुशीनगरला पाहिली. लोक म्हणायला लागले, भाऊ, आमच्या पोटातबी पाहून घ्या.

आज सकाळी इथं, सीमेवर पोचलो. जगदेवभाऊ बसच्या परवान्यासाठी भन्सारला गेले आणि आम्ही सगळे पायी निघालो. बाबा सगळ्यांत पुढं. नवे बूट, इस्त्रीचा शर्ट, हातात कार्ड. मी त्यांना इतकं ताठ चालताना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

सीमेच्या कमानीखालच्या वर्दीतल्या पोरानं पुढच्या चार-पाच जणांची कार्डं पाहिली, बाबांचंही पाहिलं, आणि हसून म्हणाला, "जाइए बाबा."

बाबा हलले नाहीत. "ठप्पा?"

"ठप्पा नहीं लगता बाबा, आप लोगों को।"

"किसी कागज पे तो मारो।" खिशातून वहीचं कोरं पान काढलं, बघ. घरून घेऊन आले होते! तो पोरगा पुन्हा हसला, हात जोडले आणि मागच्या माणसाकडं वळला.

बाबा तसेच उभे. शेजारून एक बाई भाजीची टोपली घेऊन तिकडं गेली. दोन माणसं सायकलवर गॅसची टाकी बांधून गेली. कॉलेजच्या पोरी हसत खिदळत तिकडून इकडं आल्या. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. बाबांनी हे सगळं पाहिलं, मागे फिरले आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर जाऊन बसले. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर रडत होते. नीलू, तुझ्या आजीच्या मातीलाही हा माणूस रडला नव्हता.

"रत्ना, इतलंच व्हतं?" म्हणाले. "मले वाटे, मोठं फाटक असन. कुलूप असन, बंदूकवाले असतीन. पोरीले काई झालं त मले सरकारले इच्यारून जा लागन. त्या कुलपालेच भेलो मी आठ वर्सं. आन अठी त कुलूपच नाही."

तेजेंद्ररावांची जात, बोली, काहीच त्यांनी कधी विचारलं नाही, हे तुलाही माहीत आहे. त्यांना परदेशाचीच भीती होती. भीती सांगता येत नाही म्हणून ते चिडले, आणि चिडल्यावर बोलणं बंद केलं. नेपाळला जायला म्हणून तू नागपूरला निघालीस ती त्यांच्याच गाडीनं. तू मागून सांगितलंस, पण मला आधीच दुसऱ्या कंडक्टरनं सांगितलं होतं, की त्यांनी तुझं तिकीट काढलं, पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले आणि 'नीट जा' एवढंही म्हटलं नाही. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तुझी बाजू घेऊ की त्यांची, यात माझं सांगायचं राहूनच गेलं.

आता म्हणतात, पुढं येत नाही.

मी म्हटलं, "अजी, आता त कुलूपबी नाही. मंग काहून अडले?"

"म्या तिले जा म्हनलं नोतं. आता तिनं या म्हनल्याबिगर मी कसा जाऊ? ज्याच्या घरी जाच त्यानं या म्हनाव लागते. नियम हाय थो."

असा नियम कुठं लिहिला आहे ते विचारू नकोस. मी विचारलं, तर म्हणाले, लिहायचं काय काम.

फोन केला असता. पण तू म्हणशील "बाबांकडं दे", आणि ते घेणार नाहीत, आणि मग तुम्हा दोघांच्या मध्ये मी पुन्हा कानाला फोन लावून उभी. कंटाळले ग मी त्या जागेला. जगदेवभाऊ म्हणाले, ताई, तुम्ही इथंच थांबा, बस लुंबिनीला दोन दिवस आहे, पोरीकडून मागून लुंबिनीला या. म्हणून हे पत्र.

तुझं घर इथून चार-पाच किलोमीटर आहे म्हणे. आपल्या इंझोरीहून कारंजाही याच्यापेक्षा लांब पडतं.

तर तू ये. उत्पलाला घेऊन ये. तेजेंद्ररावांना सुट्टी मिळाली तर तेही येऊ देत. कमानीच्या अलीकडे, डाव्या हाताची टपरी. इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा दिसेल, तुझ्याकडं बघणार नाही, बुटाकडं बघेल. तू मागचं काही काढू नकोस. जवळ येऊन नुसतं "बाबा, या" म्हण. रडायला येईलच, ते नंतर.

हे लिहिता लिहिता त्यांनी दुसरा चहा मागवला आणि मला विचारलं, "उत्पला पाचाची पुरी झाली काय वं?"

आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझ्या घरातलं कोणाचं नाव ऐकलं. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "कायले?"

"नाही, पाचाच्या आत असन त एसटीत फुकट. पाच झाले का अर्धं लागते. उनायात इंझोरीले आनाची म्हनलं त इच्यारून ठिवलेलं बरं."

मी सांगितलं, एप्रिलमध्ये पाच पूर्ण होतात.

"मंग अर्धं काढू," म्हणाले. "आपल्या हातानं काढतो मी."

लवकर ये.

तुझी माय
आणि 'मायं नाव लिहू नको' म्हणत वाकून वाकून वाचणारे
तुझे बाबा