एका फेरीत एकच वस्तू

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. रागावले आहे, पण नमस्कार वाकूनच केला आहे असं समज.

आपल्या चित्रावर वार्निश चढलं आहे. पुठ्ठ्याच्या नळीतून कागद काढताना वास आला, तरी विश्वास बसेना, म्हणून वहिनींना फोन केला. त्यांनी खात्रीनं सांगितलं की होय, दोन हात मारलेत, आणि दुसरा सुकायच्या आतच तू गुंडाळायला निघाला होतास.

मी कोपऱ्यात पेन्सिल टेकवून पाहिली. काचेवरून घसरावी तशी घसरली. रस्त्याच्या टोकाला मी मोकळी ठेवलेली जागा होती ना, तिथे आता आभाळ आहे. खाली ‘दादा आणि मुंगी’ अशी दुकानाच्या पाटीसारखी अक्षरं, सावलीसकट. वर चिठ्ठी की सही करून लगेच परत पाठव.

आपलं ठरलं होतं की एका फेरीत एकच वस्तू काढायची, आणि पुढे काय होणार हे कुणी विचारायचं नाही. वर्षभरात पोस्टानं चौदा फेऱ्या झाल्या. पंधराव्या फेरीत तू आभाळ, सात ढग, दोन विजेचे खांब, एक कुत्रा आणि शेवट, एवढं सगळं उरकलंस. कुत्रा छान झालाय, हे मान्य.

असं का केलंस ते सविस्तर कळव. तोवर लोभ आखडता घेतला आहे, संपलेला नाही.
तुझी,
मुंगी

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ., आखडते न घेता.

तुझं पत्र हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कुत्र्याच्या वाक्याला मी हसलो, तर चष्म्यावरून असं बघितलं गेलं माझ्याकडे की पुढचं मुकाट्यानं ऐकलं.

झालं असं. पुस्तक बदलायला वाचनालयात गेलो होतो. ग्रंथपाल बाईंना सहज चित्र दाखवलं. त्यांना भारी आवडलं. म्हणाल्या की महिनाअखेर दारासमोरची भिंत मोकळी होते आहे, चित्र पूर्ण असेल तर लावू. ‘पूर्ण’ म्हटल्यावर माझे हात सुटले. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या गं. उद्घाटन उद्या सकाळी आणि पाटी आज संध्याकाळी, असाच जन्म गेला. अक्षरं झाली की वार्निश. हाताला तिसरं काही ठाऊक नाही.

मला वाटलं होतं, तू खूश होशील. तुझ्या नखाएवढ्या खिडक्या चार लोक थांबून बघतील. एका खिडकीला तू तीन आठवडे घेतेस. या वेगानं हा रस्ता पुरा होईपर्यंत आपल्या दोघांपैकी निदान एकाची तरी दृष्टी अधू झालेली असेल.

सही कर आणि पाठव. तुझ्यावर जीव आहे, तो वार्निशच्या आतला समज.
तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. दाखवायला मला आवडतं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई दर फेरीला कागद बघायला वर येतात आणि कुठल्या खिडकीत कोण राहतं ते मलाच सांगतात. माझं दुखणं वेगळं आहे.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजल्या. चारच्या आत रिपोर्ट गेला पाहिजे. त्याच्याही आधी, लहानपणी, मी काही काढलं की घरातलं कुणी ना कुणी विचारायचं की याचं पुढे काय करणार. त्यात तूही होतास. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून पेन्सिल ठेवून दिली. गेल्या वर्षी तू शिडीवरून पडलास, पाय प्लास्टरमध्ये, तेव्हा तुझा वेळ जावा म्हणून एक जिना काढून पाठवला. त्याला दार लावून तू कागद परत केलास, आणि सोबत तो प्रश्न नव्हता. दार किती वेळ बघत बसले होते, तुला कल्पना नाही.

आता नवा कागद घ्यायचा मला धीर नाही. दर वेळी वाटत राहील की हा याच फेरीत संपवतो की काय. चित्र परत पाठवते आहे. सही केलेली नाही. हा उद्योग इथेच थांबवू या. पत्रं मात्र येत राहू देत. तेवढ्यावरही लोभ टिकेल.
तुझी,
मुंगी

२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. मी पत्र लिहिते आहे म्हणजे घरात काय चाललं असेल ते ओळखा.

तुमचं पत्र यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग टर्पेंटाइन घेऊन वार्निश पुसायला बसले. तुमच्या जिन्याच्या दोन पायऱ्या पुसट झाल्या तेव्हा कुठे थांबले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन सांगून आले की चित्र पूर्ण नाही. बाईंनी विचारलं, किती दिवस लागतील? हे म्हणाले, माहीत नाही. आमच्या सबंध संसारात यांनी हे दोन शब्द प्रथमच उच्चारले, तेही मला बाईंकडून कळले.

आता माझी कबुली. चौदाही फेऱ्यांत कागद माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर पसरलेला असायचा. पाट्यांच्या काळात रंग मी ढवळले, शिडी मी धरली. तुम्ही दोघांनी मला एकदाही विचारलं नाही. काल दुपारी हे झोपले असताना मी चित्राच्या उजव्या कडेला एक कोरा कागद खळीनं जोडला आणि त्यावर खुर्ची काढली. चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे आलेत. यांनी उठून पाहिली, पट्टी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि चहा टाकायला गेले.

तुम्ही नको म्हणालात तरी खुर्ची राहणार. लोभ मागत नाही, माझा हिस्सा मागते.
तुमची,
वहिनी

१ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

लहानपणी मी तसं विचारायचो हे आठवत नाही. तू म्हणतेस म्हणजे विचारत असणार. चूक झाली.

या फेरीत रस्त्याची एकच रेघ वाढवली आहे, हिच्या खुर्चीपाशी नेऊन सोडली. पुढे जाऊ दिली नाही. हात शिवशिवत होता, म्हणून उठून घरातले ब्रश धुतले, न वापरलेलेसुद्धा. आपली नावं खरवडायला निघालो होतो, पण रस्ता पुढे गेल्यावर ती आपोआप एका दुकानाची पाटी झाली आहेत. दुकान कसलं ते मला विचारू नकोस.

ग्रंथपाल बाईंनी भिंत दुसऱ्या कुणाला दिली. आपल्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं आहे. कागद इथे असेल त्या दिवसांत तिथे उघडा ठेवायचा, जेवढा झाला असेल तेवढा. गेल्या आठवड्यात ठेवला होता. एक आजोबा तासभर बसले आणि जाताना म्हणाले की खुर्ची बसायला अवघड आहे.

तुला नको असेल तर तसाच परत पाठव. रागावणार नाही. जीव लावलेला आहेच. त्याला तारीख नाही.
तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास आणि सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

नळी सोमवारी आली. कागद जोडासकट माझ्या टेबलावर मावत नाही, म्हणून जमिनीवर पसरला आहे आणि मी त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते. शिवणाऱ्या बाईंनी खुर्ची वहिनींचीच हे न सांगता ओळखलं. मग वहिनींचं पत्र वाचून दाखवलं, तर घरात असं उघड कुणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणाल्या.

पेन्सिलला टोक केलं आहे. काल खुर्चीच्या बाजूला हात नेला आणि मागे घेतला. घाई नाही. एप्रिलभर कागद इथेच राहील असं दिसतं. माझ्यानंतर आता पहिली पाळी वहिनींची, हे पक्कं. त्यांनाही हवा तेवढा वेळ मिळाला पाहिजे. त्यामुळे दादा, तुझा नंबर बहुधा जूनमध्ये लागेल.

दोघांचाही लोभ असू दे, पोस्टाच्या वेगानं चालेल.
तुमची,
मुंगी